शेऱ्याचा रकाना

आप्पांना विकतच्या कॅसेटचं वावडं होतं. टीव्ही फुकट दाखवतोय, रेडिओ फुकट ऐकवतोय, मग दुकानात पैसे कशाला घालायचे, हा त्यांचा सरळ हिशेब. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानावर दिवाणजी म्हणून त्यांची हयात गेली. कोरी कॅसेट घेतानाही साठवाली परवडते की नव्वदवाली, याचं गणित ते दुकानदारासमोर उभ्याउभ्या मांडायचे. नव्वदवालीची फीत पातळ असते आणि लवकर गुंतते हे कळल्यावर ते कायमचे साठवर आले.

रविवारी सकाळी आमच्या गावभागातल्या घरात जे चालायचं त्याला आई ‘शूटिंग’ म्हणायची. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर टू-इन-वन. पंखा बंद, रस्त्याकडच्या खिडक्या बंद. ‘प्ले’ आणि ‘रेकॉर्ड’ ही दोन बटणं एकदम दाबली की आप्पा तोंडावर बोट ठेवून सगळ्यांकडे वळून बघायचे. घरात आम्ही चौघं आणि आजी, शिवाय ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते शेजारपाजारचे. एवढ्या माणसांनी तासभर शिंकायचंसुद्धा नाही.

२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात महाभारताचे ९४ भाग झाले. त्यातले बरेच आप्पांनी असे पकडले. चित्र नाही, नुसता आवाज. आज हे ऐकून तरुण मुलं हसतात, पण त्या वेळी त्यात विचित्र काही नव्हतं. शोलेचे संवाद पॉलिडॉर कंपनीनं रेकॉर्डवर काढले होते आणि लोक ते गाण्यासारखे ऐकायचे. एकदा पाहिलेलं पुन्हा कधी दिसेल याची खात्रीच नव्हती. मग निदान कानांनी तरी ते घरात ठेवून घ्यायचं. व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर तीन पिक्चर बघायची पद्धत होती. तशा एका रात्री ‘अशी ही बनवाबनवी’ आला होता, १९८८ चाच, सचिनचा. तोही आप्पांनी टेप केला. साठच्या कॅसेटमध्ये पिक्चर कसा मावणार? कॅसेट बदलेपर्यंतचे संवाद गेलेच. ती फट आमच्या घरात इतकी पाठ झाली की पुढे टीव्हीवर पिक्चर अखंड लागला तेव्हा मधलंच काहीतरी जास्तीचं वाटलं.

या सगळ्याची नोंद व्हायची. जाड पुठ्ठ्याच्या वहीत दुकानातल्यासारखे रकाने आखलेले: अनुक्रमांक, बाजू, तारीख, तपशील आणि शेवटी शेरा. तपशिलात ‘महाभारत’, शेऱ्यात ‘मध्ये कुकर’. तपशिलात ‘पिक्चर, बनवाबनवी’, शेऱ्यात ‘मंडळी फार हसली’. ‘लाईट गेली.’ ‘धाकटीस खोकला.’ ‘सेल उतरले.’ एका ठिकाणी नुसतंच ‘आई’, म्हणजे आमची आजी. त्याचा खुलासा पुढे येईल.

आप्पा गेल्या वर्षी गेले. वय झालं होतं, आजार होता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि आईनं माळा आवरायला काढला, तेव्हा ही वही आणि कॅसेटचं खोकं खाली आलं.

माळ्यावर होतं म्हणून राहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे पाणी कुठवर आलं असेल ते सांगलीकराला समजावून सांगायला नको. आमचा तळमजला गेला. शोकेसच्या खालच्या फळीत व्हिडिओ कॅसेट होत्या, आत्याच्या लग्नाची त्यातच. परत आलो तेव्हा त्यांच्या खिडक्यांतून आत गाळ दिसत होता. व्हिडिओची फीत फिरत्या ड्रमला घासून चालते. त्यात वाळूचा एक कण असला तरी फीतही जाते आणि मशीनही. मशीन तरी कुठे होतं म्हणा; व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनंही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं होतं. आप्पांनी त्या कॅसेट स्वतःच्या हातानं रस्त्यावरच्या ढिगात टाकल्या, गाद्या आणि हरभऱ्याच्या डाळीच्या सडक्या डब्याशेजारी. माळ्यावरच्या खोक्याबद्दल मात्र म्हणाले, “राहू दे, ते वरचं आहे.”

मला यंत्रातलं काही कळत नाही. म्हणून पहिल्या दोन कॅसेट गावातल्या एका दुकानात दिल्या. मुलगा हुशार, बोलायला अदबशीर. पेन ड्राइव्ह हातात देताना म्हणाला, “एकदम क्लीन केलंय, मॅडम. मधे मधे घरातली माणसं बोलत होती, तेवढं उडवलं.”

घरी येऊन लावलं. महाभारताचा निवेदक, हरीश भिमाणींचा ‘समय’, खणखणीत बोलत होता. इंटरनेटवर फुकट मिळतो तितकाच खणखणीत.

त्या मुलावर रागवायचं तरी कसं? तो जे करत होता तेच आप्पांना हवं होतं. जन्मभर पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, आम्हाला दटावलं, ते याच आवाजासाठी. आप्पा त्या दुकानात असते तर त्यांनी त्याला वर चहा पाजला असता. मी मूळ कॅसेट परत आणल्या आणि ठरवलं, की हे आपणच करायचं आणि आप्पांच्या इच्छेविरुद्ध करायचं.

कॅसेट वाजवायचा डेक मिळाला नाट्यमंडळातल्या एका ओळखीच्या काकांकडून. सांगलीत हा एक फायदा आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे सीतास्वयंवर केलं तेव्हापासून जुनं सामान टाकून न देणारी माणसं या गावात घरटी एक सापडतात. डेक चालू होईना. हरभट रोडच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ अजून बसतात. त्यांनी झाकण उघडून दाखवलं: आतल्या रबरी पट्ट्याचा चिकट काळा लगदा झाला होता. तो स्पिरिटनं पुसून काढला, नवा पट्टा घातला. मग हेडशेजारचा, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागाशेजारचा, एक बारीक स्क्रू दाखवून म्हणाले, “हा विसरू नका. प्रत्येक टेपरेकॉर्डरचं हेड थोडं वेगळं तिरकं असतं. तुमच्या वडिलांच्या टेपनं जसं भरलंय तसं हे फिरवून जुळवायचं. आवाज उघडला की थांबा.” त्यांचा हा ‘आवाज उघडला की’ मला आधी कळला नाही. पहिल्या कॅसेटवर स्क्रू केसभर फिरवला आणि अचानक स, श, च ही अक्षरं जागेवर आली, तेव्हा कळलं.

कॅसेटवर पांढरी बुरशी होती. ती घरात झटकायची नाही. तोंडाला मास्क लावून गच्चीत बसायचं, फीत हळूहळू फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसायची आणि सुकू द्यायची. फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा एक इवलासा तुकडा आत असतो. पाच-सहा कॅसेटमध्ये तो गळून पडलेला. त्यासाठी भजनांच्या विकतच्या कॅसेट जुन्या बाजारातून आणल्या आणि त्यांची घरं वापरली. पाच स्क्रू काढायचे, झाकण अलगद उचलायचं. आत दोन चाकं, दोन कोपऱ्यांत दोन रोलर, वरखाली गुळगुळीत कागद. भजनांची चाकं बाहेर, आप्पांची आत. श्वास रोखून झाकण लावायचं, कारण फुंकर लागली तरी फितीचा वेढा सुटतो. काही कॅसेटला स्क्रूच नसतात, दोन्ही अर्धे भाग एकमेकांना चिकटवलेले असतात. त्या पातळ सुरीनं उकलाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी काहीतरी मोडल्याचा आवाज येतो.

हे जमलं की पुढचं सोपं, पण वेळखाऊ. डेकची वायर कॉम्प्युटरला, ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर (आप्पा खूश झाले असते), आणि मग तासाची कॅसेट तासभर वाजवायची. ती पळवता येत नाही. चांगल्या प्रतीत घेतलं तर मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे कॅसेटमागे ६०० च्या आसपास. बँकेतून येऊन स्वयंपाक उरकला की मी मेथी निवडत बसायचे आणि बाजूला १९८९ चालू असायचं.

आप्पांचा आवाज होताच. पण काय? “शूऽऽ!” “ए, गप बसा की जरा!” “दार लावा ते!” कुठल्याही बाजूला हेच. माझ्या आठवणीतले आप्पा मऊ बोलणारे आहेत, जेवताना भाव सांगणारे, सायकलवरून उतरताना हाक मारणारे. टेपवर मात्र एकही वाक्य दटावणीवाचून नाही. पहिले काही दिवस मला याचा त्रासच झाला. नंतर मी त्या “गप बसा”ची वाट बघायला लागले.

आणि आजी. तिचा फोटो आहे भिंतीवर, पण आवाज कुणाकडे नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो आठवतही नव्हता. द्यूताचा भाग चालू होता. शकुनी फासे टाकतोय, सभा गप्प, आमची खोलीही गप्प, आणि एकदम अगदी माईकपाशी कुणीतरी म्हणालं, “मुडदा बशिवला तुझा!” मी मेथीची जुडी खाली ठेवली. आप्पांचा आवाज, कळवळून: “आई, रेकॉर्ड होतंय!” आणि आजी, जराही न वरमता: “होऊ दे की. त्यालाबी ऐकू जाऊ दे.” मागे शेजारच्या बायका फसकन हसल्या. वहीत त्या दिवसाच्या शेऱ्यात एकच शब्द आहे: ‘आई’.

आकाशवाणी सांगलीवरून घेतलेल्या नाट्यगीतांच्या कॅसेट वेगळ्या होत्या. नाट्यसंगीत हा आप्पांचा खरा जीव. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, त्यामुळे ‘शारदा’ आणि ‘मानापमान’ ही जणू आमच्याच पेठेची मालमत्ता. एका कॅसेटच्या सुरुवातीला आकाशवाणीची ती सकाळची ओळखीची सुरावट होती, पण चढ्या पट्टीत, घाईघाईनं. वहीत शेरा: ‘सेल उतरले’. लाईट नसताना उतरत्या सेलवर टेप हळू फिरली होती, म्हणून आता नीट वेगात लावली की सगळंच धावत होतं. पुढचे भारदस्त गायक पोरसवदा वाटत होते. मूळ सुरावट शोधून तिच्याशी पट्टी जुळेपर्यंत वेग उतरवत नेला, आणि गायक आपापल्या वयाला परत आले. एवढीच एक दुरुस्ती मी या सगळ्या कामात मनापासून केली.

दुसऱ्या एका नाट्यगीताच्या मागे गोळीबार आहे. आधी वाटलं फीत खराब आहे. ताना चालू आणि मागे टर्र टर्र टर्र. मग त्यामागची धून कानाला लागली आणि हसू फुटलं. आतल्या खोलीत आम्ही कॉन्ट्रा खेळतोय. टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम दादानं सुट्टीत तासाच्या बोलीवर भाड्यानं आणला होता. तुकडा दादाला पुण्याला पाठवला तर दोन मिनिटांत उत्तर: “तिसरी लेव्हल. धबधबा.” नुसत्या धुनेवरून. पुढे त्यानं विचारलं, “तू किंचाळलेली आहेस का?” होते की. धबधब्याच्या लेव्हलला स्क्रीन वर सरकत जाते आणि जो मागे राहतो तो खाली पडून मरतो. दादा माझी वाट न बघता वर पळायचा आणि मी मरायचे, दर वेळी. टेपवर मी “दादा, थांब ना!” म्हणून ओरडते, तान चालूच राहते, आणि मग अर्थातच आप्पा. शेरा: ‘मुलांचा गोंधळ’. तीस वर्षांनी पुरावा मिळाला म्हणून मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “थांबलो असतो तर दोघंही मेलो असतो.” तेव्हाही हेच म्हणायचा.

मी जी कॅसेट शोधत होते ती वेगळीच होती. पेठेच्या गणपतीत आप्पा एकदा गायले होते, शारदेतलं पद. मी फार लहान होते, पण ते टेप केलं होतं हे घरात सगळ्यांना माहीत. वहीत सापडलं: क्रमांक ९, ‘गणेशोत्सव, स्वतःचे पद’. त्यावर एक सरळ रेघ, शेजारी ‘रद्द’ आणि आप्पांची आद्याक्षरं, चुकलेल्या जमाखर्चावर मारतात तशी. वर लिहिलेलं: ‘महाभारत’. शेरा: ‘कोरी कॅसेट उपलब्ध नव्हती.’

कॅसेट हातात घेतली. वरच्या कडेला दोन छोटे कान असतात. ते मोडले की त्यावर चुकून रेकॉर्ड होत नाही. आप्पांनी ते जपून मोडले होते. नंतर त्या खाचांवर सेलोटेप चिकटवून वाट मोकळी केली होती. सेलोटेप आता पिवळी पडलेली, कडा नीट कात्रीनं कापलेल्या. दादानं केलं असेल असं मला आधी वाटलं होतं. पण अशी कात्री आमच्या घरात एकच माणूस चालवायचा.

आईला विचारलं, तर ती म्हणाली, “त्यांना तो आवडायचाच नाही, स्वतःचा आवाज. दोनदा ऐकला आणि म्हणाले, हा कोण रडतोय?”

पुसलेलं परत मिळत नाही. टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंगच्या हेडच्या आधी पुसणारं हेड असतं. ते जुनं साफ करतं, मग नवं उमटतं. तरीही मी ती कॅसेट शेवटपर्यंत वाजवली, कारण वाजवल्याशिवाय ठेवून द्यायचं नाही असं ठरलं होतं. महाभारत संपलं. आप्पांनी बटण दाबल्याची खट्. आणि त्यांनी फीत संपायच्या आधी थांबवलं होतं म्हणून पुढे जुनं शिल्लक होतं: हार्मोनियमचा शेवटचा सूर, टाळ्या, खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणीतरी “वा, दिवाणजी!” म्हणालं. मग घसा खाकरून, माईकच्या अगदी जवळून, तरुण आप्पा: “बंद करा, बंद करा ते.” आणि कुणीतरी बंद केलं. मिनिटभरही नसेल सगळं मिळून.

गाणं गेलं. त्याचं वाईट वाटायचं ते वाटलंच, अजून वाटतं. गाणं पुसून महाभारत घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये खरखर कमी करायची सोय आहे. तिला आधी नमुना द्यावा लागतो: जिथे फक्त खरखर आहे, दुसरं काही नाही, असा एक तुकडा निवडून दाखवायचा, मग ती सगळीकडून तेवढी वजा करते. एका प्रतीवर करून बघितलं. नमुन्यासाठी तुकडाच मिळेना. कुठेही जा, कुणीतरी आहेच. बांगडी वाजतेय, कुणी कूस बदलतंय, रस्त्यावर सायकलची घंटी. शेवटी एक त्यातल्या त्यात रिकामी जागा दिली. खरखर गेली आणि आजी पत्र्याच्या डब्यातून बोलायला लागली. ती प्रत मी काढून टाकली. आता सगळ्या फाइल खरखरीसकट आहेत, आणि फाइलींना नावं देताना तपशिलाचा रकाना सोडून शेऱ्याचा घेतलाय. ‘१७ अ मध्ये कुकर’. ‘३४ ब मुलांचा गोंधळ’. महाभारताचा कुठला भाग कशात आहे ते आता कुणाला सापडणार नाही, पण तो इतरत्र सापडेल.

दादा हे गाडीत ऐकतो. त्याच्या मुलांना शकुनीपेक्षा पणजी जास्त आवडलीय आणि थोरल्यानं तिचं वाक्य शाळेत वापरल्यामुळे वहिनीला शाळेत बोलावणं आलं होतं.

आई रडेल या भीतीनं मी तिला बरेच दिवस ऐकवलं नव्हतं. एका रविवारी ती स्वतःच येऊन बसली. मी सतरा नंबर लावला. कुंती कर्णाशी बोलत होती आणि मागून कुकरची लांब शिट्टी. आईनं हात वर केला.

“ही आपली शिट्टी नव्हे.”

“आप्पांनी लिहिलंय, मध्ये कुकर.”

“कुकर असेल, पण आपला नव्हे. आपल्या कुकरची रिंग गेली होती त्या वर्षी, माळ्यावर पडून होता तो. ही शेजारच्या काकूंची शिट्टी. उगाच माझ्यावर डाफरले त्या दिवशी.”

शेजारच्या काकू पुरानंतर विश्रामबागला राहायला गेल्या. आईनं तिथल्या तिथे त्यांना फोन लावला, स्पीकरवर, आणि १९८९ सालच्या कुकरबद्दल विचारलं. पलीकडून काकू म्हणाल्या, “अहो वहिनी, रविवारी सकाळी आम्ही सगळे तुमच्याच घरी असायचो टीव्हीसमोर. मग माझ्या घरात कुकर लावला कुणी?”

आईनं फोन ठेवला. “हिला काही आठवत नाही,” म्हणाली, आणि मला शिट्टी परत लावायला सांगितली.